कृष्णवर्णीय रुग्णांसाठी डॉक्टर घडवताना

'अंगावर लाल चट्टे येतात,' असे वैद्यकाच्या पुस्तकात असते. पण त्वचा काळी असेल तर? लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकताना मलोन मुक्वेंडे हा प्रश्न वर्गात विचारत. उदाहरणे बहुतेक गोऱ्या त्वचेचीच असत. मग दोन अध्यापकांबरोबर त्यांनी २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली. काळ्या-सावळ्या त्वचेवर लक्षणे कशी दिसतात, ते तिच्यात छायाचित्रांसह आहे. लाली दिसेलच असे नाही. हात लावून ऊब आणि सूज पाहावी. रक्त कमी आहे का, हे पापणी खाली ओढून कळते.

दिसणे शिकवता येते. विश्वास ठेवायला शिकवणे मला अधिक कठीण वाटते. ब्रिटनमध्ये सिकलसेल प्रामुख्याने आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत आढळतो. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना असह्य, पण बाहेरून काहीच दिसत नाही. २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाने अहवाल दिला. त्याचे नावच 'कोणी ऐकत नाही' अशा अर्थाचे. डॉक्टर-परिचारिकांना या आजाराचे प्रशिक्षण अपुरे आहे आणि रुग्णांच्या वेदनेवर विश्वास ठेवला जात नाही, असे त्यात म्हटले आहे.

हाच आजार आपल्या नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवरही आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाला 'नाटक करतो' म्हणून दवाखान्यातून परत पाठवले होते. आता त्याची आई डॉक्टरांपुढे आधी सिकलसेलचे कार्ड ठेवते, मग बोलते.