'क्षार' आणि 'अणू' : देगलूर सीमाभागातील रसायन-परिभाषेचा एक प्रश्न

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. उरलेला तालुका प्रथम मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एका तालुक्याची अशी वाटणी झाली, तशी शालेय रसायनशास्त्राच्या भाषेचीही झाली. गावे तीच, सोयरीक तीच; परंतु 'विरलेला चुना हा क्षार आहे' हे वाक्य सीमेच्या एका बाजूस बरोबर आणि दुसऱ्या बाजूस चूक ठरते.

देगलूरच्या मराठी शाळेतील विद्यार्थी शिकतो, की आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने क्षार व पाणी तयार होते. पलीकडच्या तेलुगू पुस्तकात आम्ल आणि 'क्षारम्' यांपासून 'लवणम्' व पाणी होते. म्हणजे एकच संस्कृत शब्द अभिक्रियेच्या बाणाच्या एका पुस्तकात उजवीकडे, तर दुसऱ्यात डावीकडे आहे. परका शब्द निदान परका म्हणून ओळखता येतो. ओळखीचा शब्द वेगळा अर्थ घेऊन येतो, तेव्हा विद्यार्थ्यास शंकाही येत नाही. इयत्ता मध्येच बदलून आलेल्या मुलाची अडचण ती हीच.

आयुर्वेदात 'क्षार' म्हणजे वनस्पती जाळून त्यांच्या राखेपासून काढलेला दाहक पदार्थ. यवक्षार, अपामार्गक्षार ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. हे पदार्थ आम्लाचे मारक आहेत. तेलुगू व हिंदी यांनी हा अर्थ राखला आणि मिठासारख्या संयुगांस 'लवण' म्हटले. मराठीत मात्र 'क्षार'पासून आलेले खारट, खारे पाणी, खारावणे हे शब्द मिठाच्या चवीशी इतके जोडले गेले आहेत, की पाठ्यपुस्तकांतील 'क्षार' त्याच ओढीने लवणाच्या जागी बसला असावा. मग डावीकडची जागा रिकामी पडली; ती भरण्यास 'आम्लारी', म्हणजे आम्लाचा अरी, हा शब्द आला. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील कन्नड पुस्तकांत याच कल्पनेवर 'प्रत्याम्ल' आहे. विशेष हे, की मराठी विश्वकोशाने पाठ्यपुस्तकांची वाट धरली नाही. तेथे 'लवण' व 'क्षारक' हेच शब्द आढळतात. तेव्हा हा वाद मराठी व तेलुगू यांच्यातला नसून मराठीच्या घरातलाही आहे, आणि त्यात विश्वकोशाची बाजू अधिक सबळ आहे.

'अणू'ची गोष्ट वेगळी. मराठीत मूलद्रव्याचा लहानात लहान कण तो अणू आणि अणूंच्या संयोगाने बनतो तो रेणू. हिंदी, तेलुगू व कन्नड यांत पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हणतात. उर्दूत 'जौहर' व 'सालिमा' आहेत. त्यांचा घोटाळा कोणाशीच होत नाही. मराठीतील ही जोडी मात्र आता रुळून गेली आहे. अणुशक्तीपासून अणुबाँबपर्यंत सर्वत्र पसरलेला शब्द बदलण्यात लाभापेक्षा हानीच अधिक.

सूत्राला हा उपद्रव नाही. (येथे रोमन अक्षरांचे उच्चार तेवढे दिले आहेत.) विरलेल्या चुन्याचे सूत्र 'सीए (ओएच)२' दोन्हीकडे एकच. कॅल्शियमची संयुजा २, हायड्रॉक्साइडची १. म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड. कंस गाळून 'सीएओएच२' लिहिल्यास २ हा अंक केवळ हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन नाहीसा होतो. वाक्यात विशेषण एका नामाचे की संपूर्ण पदसमूहाचे, हे जसे ठरवावे लागते, तसेच येथे कंस ठरवितो. या चुन्याच्या एका रेणूस हायड्रोक्लोरिक आम्लाचे, म्हणजे 'एचसीएल'चे, दोन रेणू लागतात. त्यातून कॅल्शियम क्लोराइड, 'सीएसीएल२', आणि पाण्याचे दोन रेणू मिळतात. ओएच असलेला पदार्थ डावीकडे आणि सीएसीएल२ उजवीकडे, एवढे पाहिले की 'क्षार' कोणत्या अर्थाने लिहिला आहे ते कळते.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची नावे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे 'कॅल्शियम क्लोराइड' हे नाव मदनूरला व देगलूरला सारखेच वाचले जाते. मतभेद उरतो तो वर्गवाचक शब्दांपुरता : आम्लारी, क्षार, अणू. संख्येने हे थोडे आहेत. सीमाभागातील शिक्षकाने वर्षारंभी ते फळ्यावर दोन्ही अर्थांसह मांडावेत आणि प्रत्येकासमोर एक सूत्र लिहावे. 'क्षार'समोर तर दोन, एक विरलेल्या चुन्याचे आणि एक मिठाचे.