घरात बसून "घरी चल" म्हणणारी आई

अल्झायमर झालेल्या आईला सांभाळताना कसोटी लागते ती बहुधा दिवेलागणीला. दुपारपर्यंत शांत असलेली आई येरझाऱ्या घालू लागते, पिशवी भरते, चपला शोधते. "चल गं, मला घरी जायचंय." "अगं आई, हेच आपलं घर," असं पाचव्यांदा सांगेपर्यंत लेकीचाही आवाज चढलेला असतो.

नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं, आणि हा आजार सहसा तिथेच सुरुवातीला घाव घालतो. अलीकडची वर्षं आधी पुसतात, लहानपण बराच काळ टिकतं. त्यामुळे इतकी वर्षं राहिलेला फ्लॅट परका होतो आणि 'घर' म्हटलं की माहेरची ओसरी डोळ्यांपुढे येते. त्यातच शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या पेशीही झिजतात, दिवस-रात्रीचा मेळ बिघडतो. दिवसभराचा थकवा, अंधुक उजेड, कोपऱ्यातल्या सावल्या, खिडकीच्या काचेत दिसणारी 'ती कोण बाई' यांची भर पडते.

म्हणून पटवून देण्यात अर्थ नाही. पटलेलं साठवायला जागाच उरलेली नाही. भावना मात्र रेंगाळते. काय बोललात ते ती विसरेल, पण ओरडा खाल्ल्याची धास्ती मागे राहील. त्यापेक्षा "तुमच्या घरी आड होता ना? पाणी कोण शेंदायचं?" असं विचारा. ती सांगू लागली की पाय आपसूक थांबतात. "चहा घेऊ, मग बघू" हेही चालतं. याला कोणी खोटेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. "तुझे आई-बाबा कधीच गेले" हे रोज नव्याने ऐकवणं जास्त क्रूर आहे.

खरी तयारी दिवसाउजेडीच करायची. सकाळी ऊन अंगावर घेत फेरी, दुपारची झोप आटोपशीर, अंधारायच्या आधी सगळे दिवे. बातम्यांच्या वाहिन्या बंद. तो आरडाओरडा धडधाकट माणसालाही सोसत नाही. हाताला काम द्या: लसूण सोलणं, वाती वळणं. हातांची सवय मेंदूत वेगळीकडे राहते, ती उशिरा जाते. वाती वाकड्या झाल्या तरी तिच्यादेखत पुन्हा वळू नका. नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी रोजच्या कपड्यात शिवून टाका.

बेचैनी एक-दोन दिवसांत एकदम वाढली, तर 'आजार बळावला' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सांगता न येणारं दुखणं किंवा नवं औषध हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. झोपेची गोळी मनाने देऊ नका, तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. भ्रमावरच्या काही औषधांनी अशा रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो.

राहिला प्रश्न माणसांचा. संध्याकाळचा स्वयंपाक आणि आई, दोन्ही एकाच बाईच्या गळ्यात पडतात. मदतनीस ठेवणं परवडत असेल तर ती सकाळऐवजी पाच ते आठ ठेवा. परवडत नसेल तर ऑफिसातून फोनवर सल्ले देणाऱ्या मुलाने आठवड्यातले दोन दिवस तरी लवकर घरी येऊन पोळ्या लाटाव्यात.