अनोळखी रोपाची पानं

सावेडीत माझ्या कुंडीत पेरलेल्या कॉसमॉससोबत कातरलेल्या पानांचं एक अनोळखी रोपही आलं. ओळखीसाठी फुलाची वाट पाहू नये, असं माझं मत. पहिली दोन बीजपत्रं या दोन्ही रोपांची जोडीनं येतात, ती सोडा. कॉसमॉसची पुढची पानंही समोरासमोर फुटतात. या रोपाची एकाआड एक, मातीला चिकटून चक्रासारखी पसरलेली. म्हणजे गाजरगवत, आपलं काँग्रेस गवत. या अमेरिकी तणाची पुण्यातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या पार्थेनिनमुळे अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. परागकणांनी दमा बळावतो. एकेक झाड हजारो बिया टाकतं. फुलं येण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं.