काटा हलतो, पण कोणासाठी?

एखादे यंत्र आपल्या मनासारखे उत्तर देईनासे झाले, की ते बिघडले असे म्हणून आपण मोकळे होतो. उज्जैनमध्ये आमच्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थिनीच्या घरी मीही हेच म्हणालो होतो. वादळाने त्यांच्या गच्चीवरची डिश फिरली होती. इयत्तेचे पाठ ज्या वाहिनीवर ती पाहत असे ती बंद पडली, आणि परीक्षा तर दाराशी आलेली. तिच्या भावाने कोठून तरी सिग्नल मीटर मागून आणला. डिश कोणीकडेही वळवा, काटा आपला शेवटच्या आकड्याला चिकटलेला, भोंगा अखंड कोकलतो आहे आणि पडदा कोरा! "सर, हा मीटरच खराब आहे," मुलगा म्हणाला. मी मान डोलावली. आम्हां दोघांचीही चूक झाली होती.

हा मीटर म्हणजे हाताच्या तळव्यावर मावणारी एक डबी. डिशच्या दांड्यावर जो एलएनबी असतो, त्याच्याकडून बॉक्सकडे जाणाऱ्या केबलमध्ये तो मध्येच जोडावयाचा. त्याला स्वतःची बॅटरी बहुधा नसते. बॉक्स एलएनबीसाठी जी तेरा किंवा अठरा व्होल्टची वीज वर पाठवितो, तिच्यावरच तो चालतो. त्यामुळे काटा मुळीच हलत नसेल तर प्रथम पाहावे ते हे, की खाली बॉक्स चालू आहे काय? मीटरची दोन तोंडे उलटसुलट तर जोडली नाहीत ना? केबलच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली आहे काय, वा जोडात पावसाचे पाणी शिरले आहे काय? हे जोड उघडताना बॉक्स बंद ठेवावा, हे मात्र विसरू नये.

यानंतर एक सोपी परीक्षा करता येते. डिश मोकळ्या आकाशाकडे असताना एलएनबीच्या तोंडासमोर हाताचा तळवा धरावा. काटा वर सरकला पाहिजे. आश्चर्य वाटले ना? परंतु प्रत्येक उबदार वस्तू अल्पशा रेडिओलहरी बाहेर टाकीत असते. आपला हात, घराची भिंत, तापलेली जमीन, सर्वच. त्या मानाने निरभ्र आकाश फार थंड असते. तळव्याने काटा चढला, तर मीटर आणि एलएनबी दोघेही जिवंत आहेत असे समजावे. आणि समोरच्या भिंतीकडे वळल्यावर काटा का चढतो, याचेही उत्तर त्यातच मिळते.

आमचा काटा चिकटला होता तो मीटरवरील गोल खटक्यामुळे. हा खटका मीटरची संवेदना कमीअधिक करतो, आणि आम्ही तो पूर्ण पिळून ठेवला होता. ज्याला कुजबूज आणि आरोळी सारखीच ऐकू येते, त्याला आरोळी कोठून आली हे कसे कळावे? खरी रीत अशी : डिश रिकाम्या आकाशाकडे ठेवून काटा दहापैकी तिनाच्या आसपास येईल इतकाच खटका फिरवावा. मग डिश अगदी सावकाश वळवावी. काटा शेवटाला टेकला, की खटका पुन्हा मागे घ्यावा. असे करीत शिखर सापडले, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंस काटा कोठे घसरतो तेथे खूण करावी आणि बरोबर मध्यावर डिश आणावी.

तथापि एवढ्याने काम भागत नाही. लहरींचा जोर किती, एवढेच हा काटा सांगतो. त्या कोणाच्या, हे तो सांगू शकत नाही. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही विनामूल्य सेवा जीसॅट-१५ या २०१५ साली सोडलेल्या उपग्रहावरून येते. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा इयत्तागणिक एक अशा बारा शैक्षणिक वाहिन्या ज्या सेवेवर आल्या, ती हीच. हा उपग्रह विषुववृत्तावर पूर्व रेखांश ९३.५ अंशांपाशी, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. परंतु ८३ व ९५ अंशांवरही दुसरे उपग्रह आहेत, आणि काटा त्यांच्यासाठीही तितक्याच उत्साहाने उडी मारतो. येथे डिश एक अंश चुकली, तर तिकडे आपली दृष्टी जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर ढळते. म्हणून विचारण्याआधी कोठे विचारावयाचे ते ठरविले पाहिजे.

उज्जैनकरांना ही विद्या परकी नाही. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आहे. १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांनी तिची डागडुजी करविली आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील दिगंश यंत्राने आकाशस्थ गोलाचे दोन कोन मोजतात : क्षितिजावर कोणत्या दिशेस, तो दिगंश, आणि क्षितिजापासून किती वर, तो उन्नतांश. डिश लावणाऱ्यासही नेमके हेच दोन कोन हवेत! शेजारच्या नाडीवलय यंत्राच्या तबकड्या विषुववृत्ताच्या पातळीशी समांतर आहेत. ती पातळी मनाने दक्षिण आकाशात वाढवीत न्यावी. तिच्या किंचित खालून जाणाऱ्या कमानीवर हे सारे उपग्रह ओळीने बसलेले आहेत.

उज्जैनचे अक्षांश सुमारे २३.२ व रेखांश ७५.८. त्यावरून गणित केले, तर आपला उपग्रह येथून दक्षिणेच्या पूर्वेस सुमारे ३९ अंश आणि क्षितिजाच्या वर सुमारे ५६ अंश येतो. दक्षिण दिशेसाठी गच्चीवर होकायंत्रावर विसंबू नये. स्लॅबमधील सळ्या त्याला फसवितात. उभी काठी रोवावी आणि मध्यान्हीची, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या मागेपुढे पडणारी, सर्वांत आखूड सावली पाहावी. तिचे टोक उत्तरेस असते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ही युक्ती चालत नाही. कर्कवृत्त जवळ असल्याने सावलीच उरत नाही. आणखी एक सूचना : घरगुती डिशचा दांडा खालून येतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीसपंचवीस अंश अधिक वर पाहत असते. तेव्हा कोन डोळ्यांनी न जोखता मागच्या पट्टीवर वाचावा.

शेवटचा निवाडा पडद्यावर होतो. बॉक्स दोन पट्ट्या दाखवितो : एक जोराची, दुसरी गुणवत्तेची. पहिली भरलेली आणि दुसरी रिकामी, तर बहुधा उपग्रह भलताच आहे. दुसरी हलू लागली, की एलएनबी थोडा थोडा फिरवून ती चढवावी, नट आवळावेत आणि मीटर काढून केबल थेट जोडावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही खटका मागे घेतला, सावली मोजली, डिश आग्नेयेकडे वळविली. काट्याने या वेळी लहानशीच उडी घेतली, परंतु खालून त्या मुलीची हाक आली, "सर, आले!" मोठ्याने ओरडणाऱ्या काट्यापेक्षा योग्य जागी किंचित हललेला काटा अधिक खरा होता. दोष मीटरचा नव्हता. आम्ही त्याला 'किती?' असे विचारीत होतो आणि 'कोण?' याचे उत्तर मागत होतो.