नाकामागे जाणारा कुत्रा

गेल्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला आणि त्याच संध्याकाळी आमचा बंड्या नाहीसा झाला. बंड्या हा बीगल जातीचा कुत्रा. अंगणाला पुरुषभर उंच भिंत, फाटकाला कडी. तरी स्वारी गायब! दीड तासाने तो सापडला हमरस्त्यावर. डांबराला नाक लावून खुशाल रस्ता ओलांडत होता. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. त्याने ना भोंगा ऐकला, ना माझ्या हाका.

"खाल्ल्या घराला जागला नाही हो!" शेजारचे काका म्हणाले. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण दोष त्याचा नव्हता.

बीगल ही जात इंग्लंडात सशाच्या शिकारीसाठी तयार झाली. कुत्र्यांचा घोळका माग काढीत पुढे, आणि शिकारी मागून पायी. दर पावलाला धन्याच्या तोंडाकडे पाहणारा कुत्रा तेथे कामाचा नव्हता. माग धरला की सोडायचा नाही, हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० लाख. अशा कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात मानतात. शिवाय हुंगताना तो एका सेकंदात चार-पाच वेळा हवा आत ओढतो आणि उच्छ्‌वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून सोडतो. त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी एक एकराच्या, म्हणजे ४० गुंठ्यांच्या रानात एक उंदीर सोडून पाहिला. बीगल कुत्र्यांनी तो मिनिटभरात हुडकला. फॉक्स टेरियर जातीच्या कुत्र्यांना पाव तास लागला. आता सांगा, भिंतीपलीकडून मुंगूस गेले तर बंड्याने काय करावे?

त्यातून पावसाची भर. ओल्या जमिनीतून वास मोकळे होतात आणि गार, दमट हवेत ते जमिनीलगत रेंगाळतात. म्हणून पाऊस पडून गेल्यावर आणि संध्याकाळी अशा कुत्र्यावर विशेष नजर हवी.

आता उपाय. आपण कुंपण पाहतो ते वरून. किती उंच आहे एवढेच. नाकाचा कुत्रा मात्र बहुधा खालून जातो. आमच्या फाटकाखाली चार बोटांची फट होती. पावसाने माती वाहून ती वीतभर झाली, बंड्याने दोन पाय मारले आणि काम झाले. तेथे आम्ही शहाबादी फरशीचा उंबरा बसवला. सांडपाण्याच्या भोकाला गज लावले. मागच्या बाजूला तारेचे कुंपण आहे. तेथे आतल्या अंगाला फूट-दीड फूट रुंद जाळी जमिनीत आडवी पुरून ती कुंपणाला बांधली. कुत्रा उकरतो ते कुंपणाच्या पायथ्याशीच; जाळी लागली की पंजा थांबतो. भिंतीला टेकलेली लाकडे आणि पिंपे हलवली, कारण ती त्याची शिडी होते. खरकट्याचा ढीग काढला. खरकटे गेले की उंदीर कमी, उंदीर कमी की मुंगूसही कमी फिरकते.

तुम्ही म्हणाल, साखळीने बांधून ठेवावा की! दिवसभर बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, आणि सुटला की दुप्पट वेगाने पळतो. त्यापेक्षा नाकाला घरीच काम द्यावे. भाकरीचे नाहीतर उकडलेल्या मांसाचे तुकडे अंगणात लपवा आणि "शोध" म्हणा. सकाळी लांब दोरीने फिरायला न्या आणि त्याला पोटभर हुंगू द्या; ओढाओढ करू नका. हुंगून दमलेला कुत्रा दुपारी ओसरीवर झोपतो.

नर असेल तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने खच्चीकरण करून घ्यावे. माजावर आलेल्या मादीच्या वासाने होणारी भटकंती त्याने बरीच कमी होते. मुंगसाचा नाद मात्र त्याने सुटत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर हवा. आणि पिसाळीची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी, यात हयगय नको. सुटलेला कुत्रा बाहेर कोणाशी झोंबेल याचा नेम नाही.

एवढे करूनही एखाद्या दिवशी तो निसटलाच, तर परत आल्यावर मारू नका. त्याला मार लक्षात राहतो तो घरी येण्याचा, पळण्याचा नव्हे. त्या रात्री माझाही हात उगारला गेला होता. बंड्या चिखलाने माखलेला, शेपूट हलवीत उभा. हात आवरला, ते बरे झाले.

तेव्हा श्रोतेहो, आज संध्याकाळी एवढे करा. अंगणात उकिडवे बसा आणि कुंपणाच्या कडेकडेने, जमिनीलगत पाहत एक फेरी मारा. जेथून उजेड दिसेल, तेथून तुमचा कुत्रा जाणार आहे.