तुटक आघातांचा अखंड सूर

गिटारची तार छेडली की स्वर त्याच क्षणापासून विरायला लागतो. व्हायोलिनचा गज, बासरीतली फुंक स्वर हवा तेवढा धरून ठेवते. गिटारवादकाला ती सोय नाही. तरीही फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश वादकाची ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’ ही रचना लावा. वर एक लांबलचक, न तुटणारा सूर वाहतो आहे आणि खाली खर्ज आपल्या चालीनं निवांत चालला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास दोन गिटारी वाटतात. गिटार एकच असते, आणि तार छेडणारा हातही एकच.

१८९९ साली, ग्रानाडातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याची आठवण म्हणून तारेगानं ही रचना केली. तिचा सगळा प्राण ट्रेमोलो या तंत्रात आहे. अंगठा खर्जाची तार छेडतो. मग अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी पाठोपाठ वरच्या एकाच तारेवर तोच स्वर तीनदा वाजवतात. पुन्हा अंगठा. एका मात्रेत अशी दोन आवर्तनं, म्हणजे आठ आघात. मिनिटाला ७६ मात्रांची लय धरली तर सेकंदाला दहा!

आता खरी गंमत बघा. अंगठ्याची पाळी येते तेव्हा वरच्या तारेला कुणीच हात लावत नाही. सुरात दर चौथी जागा रिकामी आहे, आणि ती आपल्याला ऐकूच येत नाही. मागचा स्वर पुरता विरलेला नसतो, तोवर पुढचा येऊन पोचतो. उरलेलं काम कान करतो. सतारीचा झाला ऐकलेल्यांना हा चारांचा हिशेब ओळखीचा वाटेल. तिथे बाजाच्या तारेवर एक आघात आणि चिकारीवर तीन. इथे वाटणी उलटी: खर्जाला एक, सुरावटीला तीन.

म्हणूनच हौशी गिटारवादकांच्या घोळक्यात कुणी स्वतः वाजवलेलं ‘रेकुएर्दोस’ लावलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. बाकीच्यांना गोड सूर ऐकू येतो. यांना अनामिका ऐकू येते. ती मुळात दुबळी. ती जरा हलकी पडली किंवा तर्जनीनं घाई केली, की सपाट वाहणाऱ्या सुराची घोडदौड होते. सुरावट दुसऱ्या तारेवर उतरली की सगळे कान टवकारतात, कारण तिथे दोन्ही बाजूंना तारा आहेत आणि बोट केसभर चुकलं तरी शेजारची तार बोलते. नखाच्या कडेला बारीकशी खाच असेल तर तीही ध्वनिमुद्रणात खरखरते. म्हणून ही मंडळी बारीक पॉलिश पेपरनं नखं घासत बसतात. (तारेगा मात्र उतारवयात नखं कापून बोटांच्या नुसत्या टोकांनी वाजवू लागला होता.) हे सगळं निभावून ए मायनरची ती उदास छाया सरते, ए मेजर उजाडतो, आणि वाजवणाऱ्याचा हात तसाच सम राहिलेला असतो, तेव्हा घोळक्यातून आपसूक ‘वा!’ येते. माझ्या मते वादकाला याहून मोलाची दाद मिळत नाही. ती देणाऱ्या प्रत्येकानं याच चार आघातांसाठी मेट्रोनोम संथ लावून संध्याकाळी घालवलेल्या असतात.

हे नवल अनुभवायला गिटार यायलाच हवी असं नाही. कुठलंही चांगलं ध्वनिमुद्रण फोनवर निम्म्या वेगानं लावा. अखंड सुराचे मणी सुटे होतील. एक खर्जाचा, तीन वरचे, एक खर्जाचा, तीन वरचे. मग वेग पूर्ववत करा आणि ते पुन्हा कधी जुळतात ते ऐका. आणि ओळखीतल्या कुणी ही रचना वाजवून ऐकवली, तर ‘छान’ म्हणून थांबू नका. कुठल्या जागी सूर खरोखर अखंड वाटला, ते त्याला नेमकं सांगा.