पक्षी दिसला, लोकेशन पाठवू?

सप्टेंबरातली सकाळ, ६.५२ची वेळ. मी अजून पांघरुणात. फोन थरथरतो आणि ग्रुपवर मेसेज पडतो, ‘धोबी आला!’ पाठोपाठ टाळ्या, नाचणाऱ्या इमोजी, ‘कुठे, कुठे?’, ‘आमच्याकडे अजून पत्ता नाही’. मीही ओरडले, ‘अगं, धोबी आला!’ रूममेटने डोळे न उघडता खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

हा धोबी म्हणजे वॅगटेल. शिडशिडीत, लांब शेपटीचा, आणि ती शेपटी सतत वर-खाली आपटणारा. घाटावर कपडे आपटावेत तसं. त्यातला करडा धोबी हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला पिल्लं वाढवतो आणि ऑगस्ट सरत आला की आपल्याकडे उतरायला लागतो. आमच्या ग्रुपवरच्या एका काकांचं गणित सोपं आहे, गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की धोबी शोधायला लागायचं. काका बँकेतून रिटायर झालेत. पुण्यात आपल्याला दिसलेल्या पहिल्या धोब्याची तारीख ते वीस-पंचवीस वर्षं वहीत लिहितायत. पाऊस कसा होता, ओढ्याला पाणी किती होतं, तेही शेजारी.

ग्रुपवर डॉक्टर आहेत, आयटीवाले आहेत, एक शाळेतल्या बाई आहेत आणि आम्ही कॉलेजवाले आहोत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा आमचा सगळ्यात गजबजलेला काळ. आधी धोबी, तुतवार, मग भिंगऱ्या, खाटीक, माशीमार, मग बदकं. रोज कुणीतरी कुठूनतरी कळवतं. सिंहगडाच्या पायथ्याला माशीमार, पाषाण तलावावर थापट्या. वटवट्या नावाचे मातकट रंगाचे चिमुकले पक्षी आले की मात्र वाद पेटतात. सगळे वटवटे सारखेच दिसतात. एका धूसर फोटोवर शंभर मेसेज सहज होतात. पक्ष्यापेक्षा ग्रुपचीच वटवट जास्त.

मी नवीन असताना जूनमध्येच ‘यंदाचा पहिला धोबी!’ म्हणून फोटो टाकला होता. काळं डोकं, ठळक पांढरी भुवई. मला वाटलं, रेकॉर्डच केला. काकांचा रिप्लाय आला, ‘बाळ, हा थोरला धोबी. हा इथलाच, याच्याकडे रेशनकार्ड आहे.’ वर्षभर नदीवर राहणारा पक्षी मी पाहुणा म्हणून जाहीर केला होता. तो स्क्रीनशॉट अजून दर जूनला फिरतो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला पक्ष्यांपेक्षा ‘मला आधी दिसला’ यातच मजा यायची. कवडीपाटला ते जरा बदललं. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर ही जागा आहे. आख्ख्या शहराचं सांडपाणी तिथून वाहतं. फेस, प्लॅस्टिक, थर्माकोल, नाकाला रुमाल. आणि त्याच पाण्यात थंडीच्या तोंडाला केशरी रंगाचे चक्रवाक येऊन बसतात. लडाखच्या निळ्या तळ्यांकाठी, मध्य आशियात वाढलेले पक्षी. संस्कृत कवींनी विरहाच्या उपमेसाठी निवडलेली ही जोडी चिप्सच्या पाकिटाशेजारी पाय बुडवून उभी असते. फोटो काढताना सगळे पाकीट फ्रेमबाहेर ठेवतात. काका मात्र वहीत पाकिटांचंही लिहितात.

या सगळ्या नोंदींचं होतं काय? आम्ही त्या ई-बर्डवर टाकतो. तिथे यादी भरताना एक प्रश्न विचारला जातो, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? म्हणजे कावळा आणि पारवा सुद्धा. मला हा प्रश्न आधी फालतू वाटायचा. पण पूर्ण यादी असेल तरच, जो पक्षी यादीत नाही तो दिसलाच नव्हता, असं म्हणता येतं. आणि न दिसणं हीच तर मोठी बातमी असते. २०२३चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षक, सुमारे ३ कोटी नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यातून कळलं की युरेशिया आणि आर्क्टिककडून येणारे लांब पल्ल्याचे पाहुणे इथे राहणाऱ्या पक्ष्यांपेक्षा जास्त घटलेत. कुणाच्या तरी गच्चीवरून, कुणाच्या तरी हॉस्टेलमागच्या नाल्यावरून गेलेल्या नोंदी या.

इथपर्यंत वाचून वाटेल की दिसलं की सांगावं, बस. मलाही तसंच वाटायचं. गेल्या नोव्हेंबरपर्यंत.

पुण्याच्या पूर्वेला एक गवताळ माळ आहे. नाव सांगणार नाही. तिथे मेंढरं चारणारे एक बाबा भेटले. काय शोधतेस, म्हणाले. मी दुर्बीण दाखवली. ते म्हणाले, ‘चल, एक गंमत दावतो.’ लांबूनच काठीने दाखवलं. गवताच्या बुडाशी, जमिनीवर, सुकलेल्या गवताच्याच रंगाचं काहीतरी. मग त्या ‘काहीतरी’ने पिवळे डोळे उघडले. आखूड कानाचं घुबड! हे घुबड झाडावर नाही, दिवसा असं गवतात बसतं. हिवाळ्यापुरतं उत्तरेकडून येतं. आम्ही दहा मिनिटं हललो नाही. तेही नाही.

घरी पोचायच्या आत मी फोटो टाकला. सोबत लोकेशनची पिन. अभिमानाने. दीडशे लाइक्स झाले, कुणीतरी ती पिन दुसऱ्या ग्रुपवर पाठवली, तिथून तिसऱ्या.

पुढच्या रविवारी मी मैत्रिणीला घेऊन गेले, तर माळावर आठ गाड्या. एक तर थेट गवतात घातलेली, चाकांचे पट्टे दिसत होते. हातभर लांब लेन्स. घुबड बसलेलं असताना फोटो ‘बोअर’ येतो म्हणून एकाने ढेकूळ फेकलं. ते उडालं, कावळे मागे लागले, ते पुन्हा लांब उतरलं, आणि सगळे पुन्हा तिकडे पळाले. मी काही बोलले का? नाही. माझीच पिन होती, काय बोलणार?

मंगळवारी परत गेले. बाबा होते. ‘पोरी, तुझं पाखरू गेलं बघ,’ एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खाऊन-पिऊन, विश्रांती घेऊन अंगात पुन्हा ताकद भरायची असते. प्रत्येक वेळी उडवला की तेवढी ताकद वाया. हे मला वाचून माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं.

मग ग्रुपवर जोरदार भांडण झालं. एक गट म्हणाला, दुर्मीळ काही दिसलं तर गप्पच बसायचं. शाळेतल्या बाईंनी उलटा मुद्दा काढला, आणि तो मला अजून छळतो. असे माळ सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणून लागतात. उद्या तिथे प्लॉटिंग आलं, तर इथे घुबड येत होतं हे दाखवायला काय असेल? आपण सगळ्यांनी गुपित ठेवलं तर कागदावर तो माळ रिकामाच. लपवलं तर जागा जाते, सांगितलं तर पक्षी जातो.

शेवटी काकांच्या वहीसारखाच मार्ग निघाला. लिहायचं लगेच, बोलायचं नंतर. ई-बर्डवर काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण तसंही सगळ्यांना दिसत नाही. बाकीच्या बाबतीत आपली यादी तात्पुरती लपवता येते आणि सीझन संपला की खुली करता येते. ग्रुपवर आता घुबडं, घरटी आणि माळावरचे पक्षी यांच्यासाठी फक्त तालुका लिहायचा, पिन नाही. धोबी, थापट्या, चक्रवाक यांची मात्र खुशाल दवंडी पिटा. सगळ्यांना हे पटलंय असं नाही. दोन फोटोग्राफर ग्रुप सोडून गेले. एकाने जाताना ‘हुकूमशाही’ असा शब्द वापरला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर कॅमेरा लागत नाही, हे आधीच सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी ईएमआय भरतेय. उधारीची दुर्बीण आणि वही पुरे. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो. त्यानंतर ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेवढ्या दिवसांत कॉलेजच्या कॅम्पसची एक पूर्ण यादी केली तरी चालेल. कावळ्यासकट.

यंदाचा आमचा पहिला करडा धोबी एका सोसायटीच्या ओव्हरफ्लो झालेल्या टाकीखाली दिसला. काकांनी वहीत तारीख लिहिली, शेजारी ‘टाकी दुरुस्त करायला सांगू नये’ असंही लिहिलं.

नोव्हेंबरात मी त्या माळावर जाणार आहे. एकटी, आणि बाबांना विचारून. घुबड दिसलं की नाही, ते एप्रिलमध्ये सांगेन.